हिरवा तांदूळ

बेकरीतल्या बाईने चीजचे गरम गोळे चिमट्याने कागदी पिशवीत टाकता टाकता सहज विचारलं, "सेउ दुर्व्हाल, बाहीला काय लागलंय ते? हिरवं हिरवं?" आणि दुर्व्हालने खाली पाहिलं. उजव्या कफावर, बटणाच्या जरा वर, अंगठ्याएवढा हिरवा डाग होता. डाग कसला, भुकटीच. बोट लावलं तर बोटाला येईल अशी. एकोणीस वर्षं ही भुकटी त्याच्या बाह्यांवर, कानांमागे, चष्म्याच्या काड्यांवर, गाडीतल्या पायपुसण्यावर येऊन बसत आली होती आणि एकोणीस वर्षांत त्याने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. कोळशाच्या वखारीतला माणूस आपले हात कशाला बघत बसेल? आज मात्र त्याचा हात काउंटरवरच्या पावांपासून झटकन मागे आला. इतका झटकन, की बाई दचकली. "काही नाही, कामाचं आहे," तो म्हणाला. "दोना झोराइदे कशा आहेत?" बाईने आवाज खाली आणून त्याच्या बायकोबद्दल विचारलं. "बरी आहे," तो म्हणाला. ती बरी नव्हती. त्याने बाही आतल्या बाजूने दोनदा दुमडली आणि तो बाहेर पडला. पिशवी काउंटरवरच राहिली. बाईला हाक मारून ती द्यावी लागली.

त्याच्या संशोधन संस्थेकडे जाणारा चढ तो रोज चढायचा. सप्टेंबर होता, इथला कोरड्या दिवसांचा महिना. तीन महिने पावसाचा टिपूस नव्हता, आणि कुठेतरी ऊस पेटवलेला असावा, कारण रस्त्यातल्या गाड्यांवर काळी राख उतरत होती. साओ पावलोपासून लांबच्या ह्या सांता एउलालिया गावातले लोक ह्या दिवसांत कपडे घरात वाळत घालतात आणि सगळेच थोडे थोडे खोकतात. खोकला हा ह्या गावात आजार समजला जात नाही. झोराइदेचा खोकलाही सुरुवातीला राखेच्या खात्यावर गेला. मार्चपासून तिच्या रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चालू होते, अंगातली प्रतिकारशक्ती औषधांनी पार खरवडून काढली होती, आणि तरी दोघं म्हणाली, राख आहे. मग ताप आला. आज तिचा हॉस्पिटलमधला अकरावा दिवस. आधी डॉक्टर म्हणाले जिवाणू, मग म्हणाले बुरशी, हवेत असते ती नेहमीची, आणि नेहमीच्या बुरशीचं नेहमीचं औषध सुरू झालं. सहा दिवस ते थेंबाथेंबाने तिच्या हातात उतरत होतं आणि ताप हलायचं नाव घेत नव्हता. शेवटी नळी घालून फुफ्फुसातलं पाणी काढलं, ते प्लेटवर पेरलं, आणि त्यात काहीतरी उगवलं. काल संध्याकाळी डॉक्टर लिजियाचा फोन आला होता. तरुण मुलगी, भराभर बोलणारी. "आमच्या लॅबला हिचं नाव सांगता येत नाहीये. दोनशे किलोमीटरांत बुरशी ओळखणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या पेशंटचा नवरा. पाठवू का तुमच्याकडे?" "पाठवा की," तो म्हणाला होता. काल रात्री त्याला कधी नव्हे ती गाढ झोप लागली. दहा दिवस खुर्चीत बसून नुसतं बघत राहिल्यावर त्याच्या हाताला निदान काम तरी मिळणार होतं. प्लेटवर उगवलेलं कुठल्या रंगाचं आहे हे लिजियाने सांगितलं होतं. हिरवं, म्हणाली होती. हिरव्या बुरशा काय, जगात ढिगाने आहेत.

आता चढावर मधेच थांबून त्याने श्वास घेतला. तोंडाने घेतला, मग नाकाने घेतला, आणि आपण श्वास मोजून घेतोय हे लक्षात आल्यावर त्याला शरम वाटली.

त्याचं सगळं आयुष्य एका शब्दावर उभं होतं: निरुपद्रवी. हा शब्द त्याला बापाने दिला, तोही न बोलता. बापाची संत्र्यांची बाग होती. पानकाप्या मुंग्या एका रात्रीत झाड बोडकं करायच्या, आणि सकाळी बाप भाता घेऊन वारुळांच्या तोंडांशी गुडघे टेकायचा. भात्यात पांढरी पावडर. एकेका भोकात फुसफुस करून ती सोडायची, की शेजारच्या दहा भोकांतून पांढरा धूर वर यायचा आणि बाप खूश व्हायचा. त्याच हातांनी तो जेवायचा. त्याचा शर्ट आई पोरांच्या कपड्यांबरोबर एकाच टबात धुवायची. बाप चोपन्नाव्या वर्षी पिवळा पडून गेला, आणि डॉक्टरांनी लिव्हर म्हटलं आणि गावाने दारू म्हटलं, आणि बाप तर दारूला शिवत नसे. तेव्हा दुर्व्हाल विद्यापीठात होता. मुंग्यांना मारायचं तर असं काहीतरी हवं की जे बायकोने टबात टाकलं तरी चालेल, हे त्याने तेव्हा ठरवलं आणि मग त्याच्या डोक्यातून ते कधी गेलंच नाही.

ह्या मुंग्या पानं खात नाहीत. पानं कापून खाली नेतात, चावून चोथा करतात, आणि त्या चोथ्यावर पांढरी बुरशी पिकवतात. ती त्यांचं अन्न. मुंग्या शेतकरी आहेत आणि वारुळाच्या पोटात त्यांचा मळा आहे. मळा मेला की पन्नास लाख मुंग्या उपाशी मरतात, कुणाला हात लावायला नको. दुर्व्हालने मळा मारणारी बुरशी शोधली. हिरवी, ट्रायकोडर्मा, आपली मातीतली, शेतकऱ्यांच्या ओळखीची. पण मुंग्या काही खुळ्या नाहीत. परकी बुरशी आली की त्या वासावरून ओळखतात, चाटून पुसून तासाभरात उचलून बाहेर फेकतात, आणि ज्या पानाने मळा बिघडला त्या पानाला पुढे कित्येक आठवडे तोंड लावत नाहीत. म्हणून त्याला अशी जात हवी होती जी मुंग्यांना कळणार नाही. दोनशे बारा जाती तपासल्या. एक सापडली. मुंग्यांनी ती उचलली, आत नेली, मळ्यात ठेवली, आणि चार दिवस त्यांना पत्ता लागला नाही. पाचव्या दिवशी मळा हिरवा. कोणतं पान, कुणी आणलं, काही उमगायचं नाही, तोवर सगळं आटोपलेलं. ह्या एका उशिरावर त्याचं नाव झालं. लॅबमध्ये त्याला पाठीमागे 'चार दिवस' म्हणत, आणि झोराइदे तोंडावर म्हणायची. "बल्ब बदलायला सांगितला ना, की आमचे चार दिवस येतात पाचव्या दिवशी."

त्या जातीचा आणखी एक गुण होता. ती उन्हाला डरत नसे. बाकीच्या बुरशा ट्रकमध्ये, शेतातल्या पत्र्याच्या खोपटात मरून जायच्या, ही सदतीस अंशांवरही मजेत वाढायची. अहवालात त्याने हे वाक्य स्वतःच्या हाताने घातलं होतं, गुण म्हणून. सदतीस अंश म्हणजे माणसाच्या अंगाचीच ऊब, हे तेव्हा त्याच्या डोक्यात आलं होतं की नव्हतं? आलं असणार. येऊन गेलं असणार. निरोगी उंदरांना हुंगवली, निरोगी सशांच्या डोळ्यांत घातली, काही झालं नाही. शेतकऱ्यांच्या सभेत तो खिशातून पिशवी काढायचा. वाफवलेल्या तांदळावर ही बुरशी वाढवतात, दाणा न् दाणा मखमली हिरवा होतो. त्यातला एक दाणा तो सगळ्यांसमोर जिभेवर ठेवायचा आणि गिळायचा. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. एकदा झोराइदे सभेला आली होती. परतताना गाडीत म्हणाली, "घरी कारलं पुढे केलं तर तोंड फिरवतोस, आणि तिथे बुरशी खातोस?"

आणि जूनमध्ये मुंग्यांनी तिचे गुलाब खाल्ले. शाळेतली नोकरी संपल्यावर तिने अंगणात चौदा गुलाब लावले होते, आजारपणात तेवढाच तिचा विरंगुळा. सकाळी उठून बघते तर नुसते काटे. ती दारात उभी राहून म्हणाली, "नवरा मुंग्यांचा एवढा मोठा पंडित, आणि दिव्याखाली अंधार." हसून म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं, त्या दिवसांत तिचे केस नुकतेच गेले होते आणि गुलाबही गेले. दुसऱ्या दिवशी तो लॅबमधून हिरव्या तांदळाच्या तीन पिशव्या घेऊन आला, उरलेला माल होता, टाकूनच द्यायचा. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, मातीत हात घालू नये. तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता. "मास्क घालू का?" तिने विचारलं होतं. हे त्याला आता स्वच्छ आठवत होतं, तिने विचारलं होतं. तो म्हणाला, "अगं, दूध आहे दूध." तिने गुठळ्या हातांनी कुस्करल्या, हिरवा धुरळा उठला, ती तीनदा शिंकली, आणि दोघं हसली. पुढे जुलैत पुन्हा, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. पिशव्या तोच आणत होता.

लॅबमध्ये साडेआठला थर्माकोलचं खोकं आलं. नेइदेने सही करून घेतलं. नेइदे त्याच्याबरोबर अठरा वर्षं होती, वारुळं तीच सांभाळायची. काचेच्या पेट्या, त्यांना जोडणाऱ्या पारदर्शक नळ्या, आणि नळ्यांमधून गुलाबाच्या पाकळ्या डोक्यावर धरून चाललेल्या मुंग्या. तिने खोक्यावरचा नंबर वाचला, नाव नव्हतं, पण कुणाचं आहे ते तिला माहीत होतं. तिने त्याच्या टेबलावर चीजचे गोळे बशीत काढून ठेवले आणि ती पेट्यांकडे गेली. त्याने हातमोजे घातले. प्लेट उजेडासमोर धरली. कडेला पांढरी, मध्ये हिरवी, आणि त्या हिरव्यात गोल गोल कडी, एकाआड एक गडद आणि फिकट. अशी कडी अनेक जातींत येतात. तो स्वतःला म्हणाला, अनेक जातींत येतात. मग त्याने विद्यार्थ्यांना एकोणीस वर्षं जे करू नका म्हणून सांगितलं ते केलं. झाकण तिरपं करून त्याने वास घेतला.

ओल्या खोबऱ्याचा वास होता. सणाला गावातल्या बायका खोबऱ्याच्या वड्या थापतात, त्या ताटावरचं फडकं उचलल्यावर येतो तसा. दोनशे बारा जातींत असा वास एकीलाच होता. झोराइदे त्याचे शर्ट धुवायला घेताना म्हणायची, तुझी ती खोबरेवाली आज पुन्हा बिलगली वाटतं. ह्या वासाने तो कधीच दचकला नव्हता, उलट त्याला घर आठवायचं. आता तो झाकण लावून बसून राहिला. बायकोच्या फुफ्फुसातून आलेला वास आपल्या नाकात आहे, आणि तो आपल्याला आवडतो आहे, ह्याचं त्याला काय करावं कळेना. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं म्हणून पाहिलं. बाटल्यांच्या आकाराच्या पेशी, त्यांच्या टोकांवर हिरवे गोळे. त्यात आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. नऊ वाजायला दहा मिनिटं होती.

त्याच्या मागच्या कपाटात नोंदणीची फाइल होती. शुक्रवारी तिच्यावर शेवटची सही व्हायची होती, माणसाला निरुपद्रवी असं प्रमाणपत्र, आणि मग एक कंपनी ह्या हिरव्या तांदळाच्या गोळ्या करून देशभर विकणार होती. फाइलमधलं एक्केचाळिसावं पान त्याला पाठ होतं. समजा, कधी काळी, एखाद्या अगदी दुबळ्या माणसाला ही बुरशी बाधली, तर कोणतं औषध चालेल, ह्याची चाचणी नियमाप्रमाणे करावी लागते म्हणून त्याने केली होती. सात औषधं. त्यातलं सहा दिवस झोराइदेच्या हातात उतरत असलेलं औषध ह्या जातीला पाण्यासारखं होतं. चालणारं एकच. त्या एकाचं नाव हॉस्पिटलमध्ये कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. ते पान जगात तिघांनी वाचलं असेल, आणि त्यातल्या दोघांनी नुसतं चाळलं असेल. फोन टेबलावर होता. डॉक्टर लिजियाचा नंबर कालच्या यादीत सगळ्यांत वर होता. दोन शब्द सांगायचे होते, बुरशीचं नाव आणि औषधाचं नाव. त्याने फोन उचलला आणि पालथा ठेवला.

खात्री करून घ्यायला हवी, त्याने स्वतःला सांगितलं. वास म्हणजे पुरावा नव्हे. कुणीही शास्त्रज्ञ हेच म्हणेल. आणि खात्रीचा एक मार्ग त्याच्याकडे होता जो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मुंग्या. कुठलीही परकी बुरशी त्या तासाभरात बाहेर फेकतात, त्याची तेवढी फेकत नाहीत. प्लेटवरचा कण मुंग्यांना द्यायचा. फेकला, तर ती त्याची नव्हे, हवेतली कुठलीतरी असेल, राखेतली, हॉस्पिटलच्या एसीतली, कुणाचीही. त्याने संत्र्याच्या सालीच्या चुऱ्यात तो हिरवा कण मिसळला, चार गोळ्या केल्या, सर्वांत जुन्या पेटीच्या नळीशी ठेवल्या आणि खुर्ची ओढून बसला. त्याला अगदी शांत वाटलं. काम सुरू झालं होतं. पहिली मुंगी आली, मिशा फिरवल्या, गेली. दुसरी आली. तिने गोळी उचलली. तो मनात म्हणाला, टाक. टाक खाली. फेक. आयुष्यभर त्याने ह्या मुंग्यांना फसवलं होतं, आणि आता तो त्यांच्यापुढे हात जोडून बसला होता, की बायांनो, आज तेवढ्या फसू नका.

त्या पेटीतली राणी त्याने आणि झोराइदेने मिळून आणली होती. ऑक्टोबरात पंखवाल्या राण्या आकाशात उडतात, जमिनीवर पडतात, आणि गावातली पोरं डबे घेऊन धावतात, कारण त्यांची फुगीर पोटं तळून कसाव्याच्या कंदाच्या पिठात परतली की झकास लागतात. लग्नाआधी तो तिला घरी घेऊन गेला तेव्हा आईने नेमकं तेच ताट पुढे ठेवलं होतं. शहरातली मास्तरीण, तिने डोळे मिटून पहिला घास घेतला, मग डोळे उघडून दुसरा घेतला आणि म्हणाली, "आई, शेंगदाण्यासारखं लागतंय, पण शेंगदाण्याला पाय नसतात." आईला ती तिथेच पसंत पडली. पुढे दर ऑक्टोबरात दोघं डबा घेऊन जायची, अर्धा तव्यासाठी, अर्धा लॅबसाठी. ह्या राणीला तव्यापासून वाचवलं ते झोराइदेने, हिचं तोंड मुख्याध्यापिकेसारखं आहे म्हणून. पंधरा वर्षांपूर्वी. राणी आत कुठेतरी मळ्यात बसून अजून अंडी घालत होती.

दहा वाजता चारही गोळ्या आत होत्या. त्याने घड्याळ पाहिलं आणि ठरवलं की तासभर नव्हे, दोन तास द्यावेत. मग ठरवलं की जुनी पेटी आहे, मुंग्या म्हाताऱ्या असतील, दुसऱ्या पेटीतही करून पाहावं. हे तो शांतपणे, वहीत वेळा टिपत करत होता. शुक्रवारच्या सहीचा विचार त्याच्या मनात आला आणि तो त्याने चुचकारत ठेवला, कारण सहीची भीती ही निदान सांगण्यासारखी भीती होती. एकोणीस वर्षं पाण्यात जातील, नेइदेची नोकरी जाईल, असं म्हणता आलं असतं. खरं ते त्याखाली होतं आणि ते फार साधं होतं. झोराइदेला कळेल. अंथरुणात उशीला टेकून ती त्याच्याकडे बघेल आणि तिला कळेल की मास्क घालू का म्हणून तिने विचारलं होतं. त्या नजरेसमोर उभं राहायची त्याची छाती नव्हती. मुंग्यांनी फेकली असती तर ती नजर टळली असती. औषध बदलल्यावाचून ती जगणार नाही हे त्याला कळत होतं, आणि तेही तो वहीतल्या वेळांच्या मागे सारत होता. माणूस स्वतःला किती आणि कसं लांबणीवर टाकू शकतो, ह्याचा त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रथमच अंदाज येत होता.

अकराला त्याने फोन केला. झोराइदेला.

"अरे वा," तिचा आवाज खरखरीत होता, पण कालच्यापेक्षा बरा वाटला, की त्याला तसा ऐकायचा होता. "आज कामाच्या वेळी आठवण?"

"ताप किती आहे?"

"आहे तेवढाच. इमानी आहे, सोडून जात नाही." ती खोकली. बराच वेळ खोकली. त्याने फोन कानापासून दूर केला आणि पुन्हा जवळ घेतला. "काय रे? काय झालं?"

"काही नाही. दुपारी येतोय. काय आणू तुला?"

"प्लेटचं काय कळलं का?"

"अजून नाही. बघतोय."

"बघ बाबा. तुझे ते चार दिवस लावू नकोस म्हणजे झालं." मग जरा थांबून, लाडात म्हणाली, "पेरूची वडी आण. आणि पांढरं चीज. तोंडाला चवच नाहीये, पण आण."

त्याने हो म्हटलं. फोन ठेवला. तो परत जाऊन पेटीसमोर बसला. मुंग्या ये-जा करत होत्या. नळीतून कचरा बाहेर नेणाऱ्या मुंग्या वेगळ्या असतात, त्या वाळलेले तुकडे उचलून पलीकडच्या डब्यात टाकत होत्या. प्रत्येक तुकडा तो भिंगातून पाहत होता. तपकिरी. तपकिरी. तपकिरी. हिरवा एकही नाही.

एक वाजून गेल्यावर नेइदे जेवणाचा डबा घेऊन आत आली. तिने पेटीकडे पाहिलं, संत्र्याच्या चुऱ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग टेबलावरच्या प्लेटपाशी गेली, झाकण जरासं उचललं आणि खाली ठेवलं. चीजचे गोळे बशीत तसेच होते.

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?" तिने विचारलं.

"खात्री करून घेतोय."

"सकाळपासून?"

"दोन पेट्यांत लावलंय. दुसरीचे अजून दोन तास व्हायचेत."

नेइदेने डबा खाली ठेवला. ती कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. "सेउ दुर्व्हाल, मी काही शिकलेली बाई नाही. पण ह्या वासाला आणखी कसली खात्री लागते? दोना झोराइदे तिकडे पडल्यात आणि तुम्ही मुंग्यांना काय विचारत बसलात?"

"शुक्रवारी सही आहे, नेइदे. तुझी नोकरी..."

"माझ्या नोकरीला मधे ओढू नका," ती म्हणाली. "तुम्ही फोन करताय की मी करू?"

फोन नको, तो म्हणाला, मीच जातो. एक्केचाळिसावं पान त्याने फाइलमधून काढलं, घडी घातली, खिशात ठेवलं. खाली उतरल्यावर तो आधी कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि पेरूची वडी आणि पांढरं चीज घेतलं. दुकानदाराने दोन्ही एका प्लास्टिकच्या डब्यात नीट लावून दिलं, त्यात पाच मिनिटं गेली. हे त्याला पुढे किती वेळा आठवणार होतं देव जाणे.

डॉक्टर लिजिया वॉर्डाबाहेर उभ्या उभ्या कॉफी पीत होती. त्याने कागद तिच्या हातात दिला आणि औषधाच्या नावाखाली नख ओढलं. "ट्रायकोडर्मा आहे. सध्याचं औषध ह्या बुरशीला लागू पडत नाही. हेच पडतं."

"कशावरून?"

"माझी आहे," तो म्हणाला. "मी वाढवतो ती. मीच घरी नेली होती."

तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्याला वाटलं ती काहीतरी म्हणेल, आणि तिने म्हणावं असंही वाटलं. ती कॉफीचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून फोनकडे गेली. औषधांच्या कोठाराला फोन लावला, मग साओ पावलोला. तो भिंतीला टेकून ऐकत होता. किती वाजता निघते, ती विचारत होती. निघाली? कधी? बरं. उद्याच्या गाडीने पाठवा, नक्की. तिने फोन ठेवला. "आपल्याकडे नाहीये. साओ पावलोहून आपली गाडी दुपारी एकला निघते. आता उद्या रात्री मिळेल. मी इतर हॉस्पिटलांना विचारते, पण आशा नाही." मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

झोराइदे खिडकीकडच्या कॉटवर होती. डोक्याला निळा रुमाल. त्याला पाहून तिने उशी सरळ केली. तो कॉटपासून दोन पावलं अलीकडे थांबला, बाह्या दुमडलेल्याच होत्या, आणि त्याने एका दमात सांगितलं. बुरशी कोणती, कुठून आली, कुणी आणली. दूध आहे म्हणालो होतो, हेही सांगितलं. ती ऐकत होती. तिचा चेहरा त्याने कल्पना केली होती तसा झाला नाही. उलट ती जरा सैल झाली. इतके दिवस ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं, म्हणून असेल.

"म्हणजे ती खोबरेवाली," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुला काय माहीत होतं रे तेव्हा. मला तरी कुठे कळलं. मीच कुस्करलं ना हातांनी." तिने चादरीवरून हात पुढे केला. "इकडे ये. लांब काय उभा राहिलास?"

तो पुढे झाला. तिचा हात तापाने गरम होता. त्याला वाटलं, संपलं. वाईट ते होऊन गेलं. त्याला रडू यायला लागलं आणि ते त्याने येऊ दिलं.

तेवढ्यात नर्स नवी बाटली घेऊन आली. झोराइदेने बाटलीवरचं लेबल वाचलं, आता ती सगळी लेबलं वाचायची. "हे तर तेच."

"दुसरं उद्या रात्री येईल," तो म्हणाला. "तोवर हेच."

"आज का नाही?"

"साओ पावलोहून गाडी एकला निघते."

तिने खिडकीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन. शाळेत पंचवीस वर्षं तिने पोरांची हजेरी घेतली होती, तिला बेरीज-वजाबाकीला वेळ लागत नसे. "तुला कधी कळलं?"

तो म्हणाला, "सकाळी. नऊच्या आधी."

झोराइदेची नजर त्याच्या दुसऱ्या हातातल्या डब्यावर गेली. पारदर्शक डबा होता, आतली लाल वडी आणि चीजचे पांढरे तुकडे दिसत होते.

"अकराला तू फोन केलास," ती म्हणाली.

"हो."

"मला विचारलंस, काय आणू."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, खात्री, दोन पेट्या, वही, आणि ह्यातला एकही शब्द तिच्यासमोर उच्चारण्याजोगा नाही हे त्याला दिसलं. तिने आपला हात त्याच्या हातातून काढून घेतला, हळूच, सुई हलू नये अशा बेताने, आणि नर्सपुढे धरला. नर्सने नळी जोडली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "सेउ दुर्व्हाल, जरा बाहेर थांबता का?" दहा दिवस नर्स हे म्हणायची आणि दहा दिवस झोराइदे म्हणायची, असू दे गं त्यांना, त्यांचं काय होतंय मधे. आज ती खिडकीबाहेर बघत होती. तो थोडा वेळ वाट पाहत उभा राहिला. मग डबा हातात तसाच घेऊन बाहेर गेला आणि दार लोटून घेतलं.